इंजिनाला कुंकू कशाला लावलं?

ओवे, काल तू विचारलंस ना, आई तू त्या आपल्या मॉडेल रेल्वेच्या छोट्या इंजिनाला हळदीकुंकू का लावलंस, ते काय देव आहे का. मी पोळ्या लाटत होते, "आपल्यात लावतात" एवढंच बोलले, पण ते काही उत्तर नव्हे म्हणून लिहून देते.

काल खंडेनवमी होती, दसऱ्याच्या आदला दिवस. आपल्याकडं त्या दिवशी अवजारांची पूजा करतात, ज्याचं ज्यावर पोट त्याची, म्हणजे शेतकऱ्याची तिफण, टेलरची मशीन, ड्रायव्हरची गाडी. तुझे आजोबा लातूरला डाळ मिलमध्ये फिटर होते. त्या दिवशी मिल बंद असायची पण त्यांना सुट्टी नसायची, सकाळपासून पाने, पक्कड, हातोडी सगळं रॉकेलमध्ये बुडवून ब्रशनं घासायचे, वर्षभराचं काळं ग्रीस निघायचं, मग फडक्यानं कोरडं करून पाटावर ओळीनं मांडायचे आणि मगच हळदकुंकू, झेंडू, नारळ. मी कुंकवाची वाटी घेऊन घाई केली की म्हणायचे, "आगं थांब की, अजून मळ हाय त्याच्यावर." मला तर पूजेतला हाच भाग सगळ्यात मोठा वाटतो, हात जोडणं काय मिनिटभराचं.

आता आपलं इंजिन. त्याचापण आधी मळ काढला, मगच कुंकू लावलं. त्या मॉडेल गाडीचं खोकं तू व्हायच्या आधीपासून माळ्यावर पडून होतं. परत सुरू करायचं ठरवलं तेव्हा नवीन काहीच मागवलं नाही, आधी आहे ते साफ करायला घेतलं. ह्या गाडीला 12 व्होल्टचा करंट रुळातून मिळतो, रुळातून चाकाला आणि चाकातून मोटरला, त्यामुळं रुळावर मळ बसला की इंजिन अडखळतं नाहीतर हलतच नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं रूळ पुसले तेव्हा फडकं केवढं काळं झालं ते तू बघितलंसच. गियरमधलं जुनं तेल गोंदासारखं घट्ट झालेलं, ते टूथपिकनं काढून सुईच्या टोकावर मावेल एवढंच नवं सोडलं, जास्त झालं की रुळावर ओघळतं. म्हणून कुंकूपण फक्त टपावर लावलं, चाकाला नाही.

आणि पुढचा बेत ऐक. आपला रूळ 9 एमएमचा आहे, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर तेवढं, एन स्केलचा, म्हणजे 1:160, खऱ्या गाडीच्या 160 पट लहान. पण त्याच रुळावर 1:87 मापाचे डबे ठेवले की ती नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळाची गाडी होते. बार्शी लाईट, म्हणजे आपल्याकडची जुनी नॅरोगेज रेल्वे, तिचा रूळ 762 एमएम होता, 87 नं भागून बघ, पावणेनऊच्या आसपास येतं, म्हणजे जवळजवळ आपलाच रूळ! ही गाडी 1897 ला बार्शी रोडवरून, म्हणजे आताच्या कुर्डुवाडीवरून, बार्शीला सुरू झाली आणि 1911 ला लातूरला आली. मी लहानपणी बसलेय तिच्यात, खिडकीत तोंड घालून, ढोकी आली की आजोबा शेंगा घेऊन द्यायचे. 2008 मध्ये तिथं सगळं ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळाचं झालं.

तर ती गाडी आपण करायची. खाली एन स्केलच्या जुन्या डब्यांची चाकं, वर कार्डबोर्डचे डबे, आणि एकच स्टेशन, ढोकी. पिवळा रंग आणलाय, बोर्डवर काळ्या अक्षरात नाव तू लिही, "ढ" जरा गिरवून घे आधी.

तुझी आई