वही शिष्येला, मग बंदिशींवरचा हक्क कुणाला?

प्रश्न : मी ७४ वर्षांची शास्त्रीय गायिका, सांगलीत राहते. यजमान हयात नाहीत. दोन्ही मुलगे परदेशात आहेत, त्यांना गाण्याची ओढ नाही. ४० वर्षांत बांधलेल्या बंदिशींच्या ११ वह्या आणि मिरजेच्या तानपुऱ्यांची जोडी माझ्याकडे आहे. २२ वर्षे शिकणाऱ्या शिष्येला हे सगळं मिळावं, म्हणून 'माझ्या वह्या व तानपुरे हिला' असं कागदावर लिहून सही करून ठेवली आहे. तेवढं पुरेल का?

उत्तर : ताई, नाही पुरणार. मृत्युपत्रावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. त्या नसतील तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे सगळं तुमच्या दोन्ही मुलांकडे जाईल. शिष्या लेकीसारखी असली तरी वारसांत तिचं नाव नाही.

मला खरी काळजी वाटते ती 'माझ्या वह्या' या दोन शब्दांची. वही ही एक मिळकत, तिच्यातल्या बंदिशींवरचा कॉपीराइट ही दुसरी. कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम २० म्हणतं की, अप्रकाशित रचनेचं हस्तलिखित मृत्युपत्राने ज्याला दिलं, त्याला तिचा कॉपीराइटही दिला असं धरायचं; मृत्युपत्रात वेगळं काही म्हटलं असेल तरच नाही. वाचून बरं वाटतं. पण या कायद्यात प्रकाशन म्हणजे नुसती छपाई नव्हे. रचना लोकांपर्यंत पोहोचवली तरी ती प्रकाशित होते. त्यामुळे जाहीर मैफलीत गायलेली तुमची बंदिश प्रकाशित झाली, असा वाद उद्या कुणीही घालू शकतो. मग एकाच वहीत डाव्या पानावरची, फक्त घरी शिकवलेली बंदिश शिष्येची आणि उजव्या पानावरची, मैफलीत रंगलेली, मुलांची! हा हक्क तुमच्या पश्चात ६० वर्षे चालतो, म्हणजे प्रश्न नातवंडांपर्यंत जाणार.

म्हणून स्पष्ट लिहा : 'माझ्या सर्व स्वरचित बंदिशींच्या वह्या आणि त्या बंदिशींवरचा, प्रकाशित असोत वा अप्रकाशित, संपूर्ण कॉपीराइट मी अमुक हिला देते.' मुलांना काही मिळावंसं वाटत असेल तर उत्पन्नात त्यांचा हिस्सा ठेवा, पण हक्काचे तुकडे करू नका. पुस्तक छापायचं ठरलं की प्रत्येक वेळी परदेशातून दोघांच्या सह्या मागवत बसणं तिला झेपणार नाही.

कुणी बंदिश मोडूनतोडून गायली किंवा तुमचं नाव गाळलं, तर तुमच्या पश्चात दाद मागण्याचा अधिकार कायदेशीर प्रतिनिधींना असतो. तेव्हा मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणूनही तिचीच नेमणूक करा. साक्षीदार मात्र ती नको. एक साक्षीदार तुमचे डॉक्टर असले तर उत्तम. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन ती करून घ्या.

त्याआधी एक काम तुम्हालाच करावं लागेल. वह्यांमध्ये गुरूंकडून आलेल्या पारंपरिक चिजाही असणार. त्या तुमच्या मालकीच्या नाहीत, त्यामुळे मृत्युपत्राने देताही येत नाहीत. म्हणून स्वतःच्या प्रत्येक बंदिशीखाली 'स्वरचित' लिहा, आठवेल ते साल घाला, सही करा. शिष्येला शेजारी बसवा, रोज दहा पानं झाली तरी चालतील.

तानपुऱ्यांसाठी मृत्युपत्रापर्यंत थांबायलाच हवं असं नाही. स्वखुशीने हातात दिले आणि तिने घेतले की बक्षीस पूर्ण होतं. सोबत दोन ओळींची चिठ्ठी ठेवा. तुमचा रियाज अजून त्याच जोडीवर चालत असेल, तर मात्र ती घरीच राहू द्या आणि मृत्युपत्रात तिची वेगळी ओळ लिहा.