कोळशाचा विस्तव

प्रिय बाळ,

सप्रेम सलाम.

रविवारी चर्चमधली भक्ती सुटल्यावर मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर तू विचारलंस, "काका, ऑफिसातली पोरं म्हणतात, तू शिकलासवरलास, तरी येशूचं हे सगळं खरं कशावरून मानतोस? काय सांगू त्यांना?" मी कणीस खाण्याचं निमित्त करून विषय टाळला. घरी आल्यावर ते मनाला लागलं.

तलावाजवळच्या सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चकडे बोट दाखवून सांगता आलं असतं, की याच ठाण्यात १३२१ साली चार फ्रान्सिस्कन संन्याशांनी विश्वासापायी प्राण दिले. पण जीव काय, माणसं चुकीच्या गोष्टींसाठीही देतात. हा मुद्दा मित्रांपुढे नेऊ नकोस, पहिल्याच प्रश्नाला आडवा होईल.

माझं कारण जरा लाजिरवाणं आहे.

तुझ्या वयाचा असताना मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात स्टोअरला होतो. तांब्याच्या तारेची दोन बंडलं कमी भरली आणि आळ आला एका हेल्परवर. खरं तर ती बंडलं आत आलीच नव्हती. न मोजता चलनावर सही मीच ठोकली होती. साहेबांनी विचारलं तेव्हा म्हणालो, "मला काही माहीत नाही." संध्याकाळी त्याचा हिशेब झाला. रिकामा डबा काखेत धरून तो गेटबाहेर उभा होता. मी मागच्या गेटने निघालो.

त्यानंतर कितीतरी महिने मी चर्चला जात होतो, गात होतो आणि आत काहीच पोचत नव्हतं. मग एका रात्री बायबलमधलं योहानाचं शुभवर्तमान वाचताना अडलो. येशूला पकडून नेलेलं. प्रमुख याजकाच्या वाड्यात थंडीची रात्र, कोळशाचा विस्तव, शेकायला उभा असलेला त्याचा शिष्य पेत्र. "तू त्याच्या शिष्यांपैकी ना?" "नाही." तीनदा. हे अठराव्या अध्यायात. एकविसाव्यात, येशू मेलेल्यांतून उठल्यानंतर, तिबिर्याचा समुद्र, पहाटेची वेळ, आणि काठावर पुन्हा कोळशाचा विस्तव. त्यावर मासळी, शेजारी भाकर. पेटवणारा येशू. तो पेत्राला आधी जाब विचारत नाही, म्हणतो, "या, न्याहारी करा." खाणं झाल्यावर मात्र तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? जिथे जखम, तिथेच हात. पण पोट भरल्यावर.

मला वाटलं, देव असा असेल तर माझी सोय आहे. बाकीचं मागून आलं. पेत्रासारख्या आपल्याच पुढाऱ्याची अशी फजिती अनुयायी कशाला रचतील? येशूच्या रिकाम्या कबरेची पहिली खबर, बायकांच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती त्या काळात, बायकांच्याच तोंडी कशाला घालतील? हे पुरावे म्हणून पुरेसे नाहीत, ठाऊक आहे मला. पण बनवाबनवीचा वास येत नाही एवढं खरं.

त्या हेल्परला शोधत मी कळव्याच्या चाळीत गेलो. साहेबांना आधी सगळं सांगून आलो होतो. त्याने दारातच ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आता सांगून काय उपयोग?" बस म्हणाला नाही. त्याचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. आपल्या विश्वासाची साक्ष देताना लोक हा भाग गाळतात, तू गाळू नकोस.

आणि घाई करू नकोस. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई दुसऱ्या दिवशी मागोमाग गेल्या नाहीत. त्यांना काही वर्षं लागली. घरात भांडणं, ताटातूट, सगळं झालं. स्वतःला पटलं तेव्हाच त्या आल्या. तुझाही विश्वास आजीकडून आलेला आहे. मित्रांना सरळ सांग, "अजून तपासतोय." यात कमीपणा नाही.

येत्या रविवारी भक्तीआधीच घरी ये. काकू पोहे करणार आहे. आठला ये, गरम मिळतील.

तुझा,
काका