वारशात मिळालेलं स्टेन्ड ग्लास घरी कसं साफ करावं?

आधी तो निळा स्प्रे खाली ठेवा. तुम्ही लिहिलंय, आत्याकडून आलेलं पॅनल, म्हणजे रंगीत काचांचे तुकडे जोडून केलेलं तावदान, बरीच वर्षं लाकडी कपाटात होतं, काचा मळल्यात, काचांमधल्या जोडांच्या रेघांवर पांढरी पूड धरलीय, तर काच पुसायचा स्प्रे मारू का? नका मारू. त्यात बहुधा अमोनिया असतो. मी स्वतः केलेल्या पहिल्या लॅम्पशेडवर हौसेने तोच मारला होता. सोल्डरवर, म्हणजे काचा जोडायला वितळवून ओततात त्या धातूवर, चढवलेला काळा रंग जागोजागी उडाला आणि शेड कबऱ्या मांजरासारखी दिसायला लागली.

काचेला सहसा काही होत नाही हो, जपायचे असतात ते जोड. रेघा चपट्या आणि सारख्या रुंदीच्या असतील तर त्या शिशाच्या पट्ट्या. फुगीर, गोलसर असतील तर काचेच्या कडेला तांब्याची पातळ पट्टी चिकटवून वर सोल्डर ओतलेलं आहे. याला टिफनी पद्धत म्हणतात. दोन्हींना आंबट चालत नाही. समई, तांब्या ज्याने लखलखतात ते चिंच-लिंबू आणि व्हिनेगर, सगळं इथे वर्ज्य.

ती पूडही बहुतेक कपाटाचीच देणगी. लाकडातून आम्लाच्या वाफा सुटत राहतात, बंद जागेत दमटपणा मिळाला की शिशावर पांढरा थर धरतो. हा थर विषारी असतो. म्हणून कोरडा ब्रश किंवा सँडपेपर मारून पूड उडवायची नाही. हातमोजे घाला, मुलांना लांब ठेवा, ओटा सोडून दुसरीकडे जुनं वर्तमानपत्र अंथरा. ओलसर कापसाने पूड टिपा, तो कापूस पुन्हा न वापरता थेट पिशवीत बांधून टाका. नंतर हात साबणाने धुवा.

काचेसाठी डिस्टिल्ड वॉटर घ्या, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो तेच. बोअरच्या पाण्याचे डाग राहतात. वाटीभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे एक-दोन थेंब, त्यात जुना सुती कपडा बुडवून घट्ट पिळायचा. पॅनल पाण्यात बुडवायचं नाही आणि स्प्रेही नाही, कारण शिशाच्या पट्टीखाली जवसाच्या तेलाची लांबी (पुट्टी) भरलेली असते, तिच्यात पाणी मुरतं. कोपऱ्यांना कान साफ करायची काडी. मायक्रोफायबरचे धागे सोल्डरच्या टोकांत अडकतात, मला ते आवडत नाही. शेवटी साध्या पाण्याचा हात आणि लगेच कोरडं.

पूर्ण वाळलं की कारला लावायचं कार्नोबा मेण, ज्यात घासायची पावडर नाही असं, रेघांवर अगदी पातळ लावून मऊ कपड्याने पुसा. दमट हवेत मी पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा लावते.

उचलताना पॅनल उभंच धरा. आडवं धरलं की स्वतःच्या वजनाने मधे वाकतं. टांगायचं तर साखळीने, आणि कडी चौकटीला किंवा जोडाला डकवलेली हवी. नायलॉनची दोरी उन्हात कुजते.

काचेवर चेहरा किंवा फुलं रंगवलेली असतील तर मात्र आधी एका कोपऱ्यात ओली काडी फिरवून बघा. भट्टीत भाजलेला रंग सहसा राहतो, नुसता वरून लावलेला काडीवर उतरतो. उतरला तर तिथेच थांबा, आणि त्या भागाचा जवळून काढलेला फोटो इथे टाका.