हवामानाच्या नोंदी कधीपासून ठेवतात? त्या कशा घ्यायच्या याचे नियम कुणी ठरवले?

मी काही वर्षं एका शेतकी महाविद्यालयाच्या वेधशाळेत रोज सकाळी साडेआठला रीडिंग घ्यायचो, म्हणून आधी नियमाचंच सांगतो. पांढऱ्या झडपांच्या पेटीचं दार उघडलं की तापमापकावर पहिल्यांदा दशांश वाचायचा, पूर्ण अंश नंतर. समोर माणूस उभा राहिला की त्याच्या श्वासाने पारा सरकायला लागतो, आणि चूक आधी दशांशातच होते. नव्या पोरांना हे सांगितलं की हसायची.

नोंदी तशा फार जुन्या. कोरियात १४४२ च्या सुमारास राजा सेजोंगने ठरावीक मापाची पर्जन्यमापकं प्रांतोप्रांती वाटली होती. युरोपात १६५४ मध्ये फ्लोरेन्सच्या मेदिची घराण्यातल्या दुसऱ्या फर्डिनांडोने इटलीतल्या गावांसोबत पॅरिस, वॉर्सापर्यंत एकसारखे तापमापक पाठवले. हे नोंदींचं काम १६६७ मध्ये बंद पडलं.

पण उपकरण सारखं असून भागत नाही, ते टांगलंय कुठे हेही बघावं लागतं. लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेचा सचिव जेम्स ज्युरिन याने १७२३ मध्ये लोकांकडून नोंदी मागवल्या. त्याची सूचना काय, तर तापमापक उत्तरेकडच्या, क्वचितच शेकोटी पेटणाऱ्या खोलीत ठेवा. म्हणजे चक्क घरातलं तापमान! ते आकडे आजच्या आकड्यांशी ताडताना अभ्यासकांच्या डोक्याला ताप होतो.

माझ्या मते खरा मान जर्मनीतल्या मानहाइमचा. तिथे कार्ल थिओडोर या संस्थानिकाने १७८० मध्ये हवामान संस्था काढली आणि कारभार योहान याकोब हेमरकडे दिला. हेमरने तपासून जुळवलेली उपकरणं फुकट पाठवली, सोबत लॅटिनमधलं सूचनापत्रक आणि छापील तक्ते. वेळा तीनच : सकाळी ७, दुपारी २, रात्री ९. ढग, पाऊस, गडगडाट यांना ठरलेली चिन्हं. रशियातल्या उरलपासून ग्रीनलंड आणि अमेरिकेपर्यंत ३९ केंद्रं होती, आणि वाचणारे बरेचसे मठातले साधू. घंटेवर उठणारी माणसं, वेळ चुकायची नाही! १७९० मध्ये हेमर गेला, मग युद्धं आली आणि संस्था संपली. तरी होहेनपाइसेनबर्गच्या डोंगरावर १७८१ मध्ये सुरू झालेलं केंद्र आजही चालू आहे, आणि ‘मानहाइमच्या वेळा’ जर्मनीत अगदी अलीकडेपर्यंत पाळत होते.

पुढे १८७३ च्या व्हिएन्ना परिषदेत देशादेशांनी मिळून नियम ठरवायला घेतले. आपल्याकडे मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून नियमित नोंदी आहेत, हवामान खातं १८७५ चं.

साडेआठच का, असं मलाही पहिल्या दिवशी वाटलं होतं. तेव्हा ग्रीनिचच्या वेळेने पहाटेचे तीन वाजलेले असतात, आणि जगभरची केंद्रं दर तीन तासांच्या त्याच घड्याळावर चालतात.