कृष्णधवल काळातल्या काही मूकपटांत रंग दिसतात. ते नंतर संगणकावर भरलेत का?

नाही, बरेचसे रंग त्याच काळात हाताने भरलेले आहेत. पॅरिसमध्ये एलिझाबेथ त्युइलिए या बाईंच्या कार्यशाळेत दोनशेच्या आसपास बायका हेच काम करत. फ्रेंच दिग्दर्शक जॉर्ज मेलिएसच्या फिल्म तिथेच रंगायच्या. एकेकीकडे एकच रंग. फ्रेम जेमतेम २४ मिलिमीटर रुंद, सेकंदाला साधारण १६ फ्रेम. म्हणजे मिनिटभराच्या फिल्मला जवळपास हजार चित्रं, आणि प्रत्येक प्रत पुन्हा पहिल्यापासून रंगवायची! रंग ॲनिलिनचे, म्हणजे पारदर्शक कृत्रिम रंग, त्यामुळे खालचं चित्र झाकलं जात नसे. एडिसन कंपनीच्या सर्पंटाइन नृत्याच्या (घोळदार झगा लहरवत केलेल्या नाचाच्या) फिल्ममध्ये झग्यावरच्या रंगाच्या कडा नीट बघा, सतत थरथरतात. दर फ्रेमला ब्रश केसभर इकडेतिकडे गेलेला असतो ना! पुढे पाथे या फ्रेंच कंपनीने स्टेन्सिल, म्हणजे रंगाच्या जागा कापलेले साचे आणले, कडा नेटक्या झाल्या. मला मात्र ती थरथरच जास्त आवडते.