इकॉलॉजी शिकायला घेतलीस? आधी एक चौकोन आख

पर्यावरणशास्त्र निवडलंस, फार बरं वाटलं. संख्याशास्त्राचा कंटाळा मात्र करू नकोस. निसर्गाच्या ओढीने आलेली बरीच मुलं तिथेच अडखळतात.

खरं शिकणं होतं ते एकाच जागी पुन्हा पुन्हा गेल्याने. चार खुंट्या आणि सुतळी घेऊन १ मीटर लांब-रुंद चौकोन आख. त्यात वनस्पतींच्या जाती किती, प्रत्येकीची रोपं किती, एवढंच मोज. दर पंधरा दिवसांनी तोच चौकोन. तारीख, वेळ, हवामान लिहायचंच. एखादी जात दिसली नाही तर तेही लिही, शून्य हीसुद्धा नोंदच असते. जागा चिठ्ठ्या टाकून ठरव; नाहीतर डोळा आपोआप हिरव्यागार तुकड्याकडे वळतो आणि आकडे फसवतात.

कंटाळा आला की हवाई बेटावरच्या मौना लोआ ज्वालामुखीवरील वेधशाळेचा आलेख बघ. चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञाने १९५८ मध्ये तिथे हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला घेतला, तेव्हा तो दहा लाख भागांत सुमारे ३१५ होता; आता ४२० च्या पुढे गेलाय. त्या रेषेत दरवर्षी एक चढउतारही दिसतो. उत्तर गोलार्धातली झाडं पानांनी बहरली की वायू शोषतात, पानगळीनंतर तो पुन्हा वाढतो. मला तर अजूनही तो बघताना पृथ्वीचा श्वास बघतोय असं वाटतं.