सीडी४ चा आकडा घसरतो तो पेशी मरतात म्हणून, की विषाणू रिसेप्टर लपवतो म्हणून?

एचआयव्हीचे ‘नेफ’ हे प्रथिन टी-पेशींवरचा (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींवरचा) सीडी४ रिसेप्टर, म्हणजे विषाणू ज्याला धरून आत शिरतो ते पृष्ठभागावरचे प्रथिन, काढून टाकते, तर रिपोर्टमध्ये आकडा घसरला तरी पेशी शाबूत असून केवळ त्यांची खूण पुसली गेली आहे असे समजावे का, असे आपण विचारले आहे. तसे समजू नये. वाशीतील एका प्रयोगशाळेत मी फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे पेशी एकेक करून मोजणाऱ्या यंत्रावर, काम करते. जांभळ्या बुचाच्या नळीतले रक्त, त्यात रंगीत अँटिबॉडी, आणि पडद्यावर उमटणारे ठिपके, हे रोजचेच. ज्या पेशीचा सीडी४ आत ओढला गेला आहे तिचा ठिपका आमच्या मोजणीच्या चौकटीबाहेर पडतो, हे खरे. पण रक्तातील सीडी४ पेशींपैकी एका वेळी थोड्याच पेशींत विषाणू असतो, त्यामुळे ८०० चा आकडा २०० वर येतो तो प्रामुख्याने पेशी मरतात म्हणून, आणि त्यांतही विषाणूची लागण पुरती न झालेल्या पेशी पुष्कळ असतात.

नेफची करामत मात्र पाहण्यासारखी आहे. सुमारे २०६ अमिनो आम्लांचे हे प्रथिन स्वतः एन्झाइम नाही. ते पेशीपटलाच्या आतल्या बाजूला चिकटून एकीकडे सीडी४ ची शेपटी आणि दुसरीकडे पेशीचेच एपी-२ हे प्रथिन धरते, की रिसेप्टर क्लॅथ्रिन या प्रथिनाच्या खळग्यातून आत जाऊन लायसोसोममध्ये (पेशीच्या पचनाच्या पिशवीत) नष्ट होतो. ‘व्हीपीयू’ हे दुसरे प्रथिन तर नव्याने तयार होणारा सीडी४ पृष्ठभागापर्यंत पोहोचूच देत नाही.

ज्या दारातून आत आला तेच दार विषाणू का काढतो? कारण बाहेर पडणाऱ्या नव्या विषाणूंचे आवरण त्या सीडी४ लाच चिकटून बसते. शिवाय सीडी४ शी जोडल्यावर आवरणातले लपलेले भाग उघडे पडून अँटिबॉडींना सापडतात.

नेफ एचएलए-ए आणि बी (पेशीतल्या विषाणूचे तुकडे बाहेर दाखवणारी प्रथिने) हेही पृष्ठभागावरून हटवते, म्हणजे मारक टी-पेशींना लागण दिसत नाही. एचएलए-ई मात्र राहू देते, नाहीतर एचएलए न दिसणाऱ्या पेशींना मारणाऱ्या एनके पेशी तुटून पडतील. (हा हिशेब मला आजही थक्क करतो.)

सिडनीत एका रक्तदात्याकडून काही जणांना नेफचा जनुक तुटलेला विषाणू गेला होता. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या नोंदीत वर्षानुवर्षे आजार न झालेले लोक होते, मात्र पुढे त्यांच्यातील काहींचा सीडी४ घसरलाच.